आमची वाटचाल : माळावरच्या लोकरीपासून पेशींच्या बशीपर्यंत

साक्री तालुक्यात मामांच्या शेतात दरवर्षी ठेलारी मेंढपाळ आपल्या मेंढ्या बसवतात. मेंढ्यांचं खत मामांना, बदल्यात धान्य ठेलाऱ्यांना. नऊ वर्षांपूर्वी तिथंच बांधाला कातरलेल्या लोकरीचा ढीग पडलेला पाहिला. दख्खनी मेंढीची लोकर भरड. घोंगडी विणणारे कमी झाले, तशी तिच्यातून कातरणीची मजुरीही सुटेना. मी पुण्यातल्या एका प्रयोगशाळेतलं मूळपेशींचं, म्हणजे स्टेम सेलचं काम सोडून नुकताच धुळ्याला परतलो होतो. तिथं बाहेरून मागवलेल्या केराटिन नावाच्या प्रथिनाच्या चिमूटभर पुडीला किती पैसे मोजतात, ते डोळ्यांनी पाहिलं होतं. दोन पोती भरून गाडीत टाकली, तेव्हा ठेलाऱ्यांच्या वाड्यावरचे, म्हणजे मुक्कामावरचे, आप्पा म्हणाले, "यानं तू काय करशी भाऊ?"

आप्पांना तेव्हा नीट सांगता आलं नाही, ते इथं सांगतो. या लोकरीतून केराटिन काढून आम्ही मूळपेशी वाढवणाऱ्या प्रयोगशाळांना देतो. लोकर, केस, नखं, शिंगांचं कवच हे सगळं केराटिनचं. मूळपेशी म्हणजे आपण पुढं काय व्हायचं हे अजून न ठरलेली पेशी. अस्थिमज्जेतल्या अशा पेशीपासून हाड होतं, कूर्चा होते, चरबीही होते. तिला कोणतं खाद्य नि कोणती रसायनं मिळतात यावर ते ठरतंच, पण ती कशावर बसली आहे यावरही ठरतं. २००६ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवलं की मऊ जेलवर या पेशी चेतापेशींकडे झुकतात, जरा घट्ट जेलवर स्नायूकडे आणि त्याहून कडक जेलवर हाडाकडे. पेशींना बसायला केराटिनचा पातळ पापुद्राही करता येतो, ओलसर जेलही आणि स्पंजही. शिवाय केस आणि लोकरीच्या केराटिनात ल्युसिन, अ‍ॅस्पार्टिक आम्ल आणि व्हॅलिन या तीन अमिनो आम्लांचा, म्हणजे प्रथिनाच्या साखळीतल्या दुव्यांचा, एक क्रम सापडतो. पेशीच्या अंगावरच्या इंटिग्रिन नावाच्या प्रथिनांपैकी काही त्याला ओळखून धरतात. पेशीला पाय रोवायला जागा मिळते.

केराटिन लोकरीतून बाहेर काढणं मात्र सोपं नाही. त्याच्या साखळ्या गंधकाच्या जोड्यांनी एकमेकींना घट्ट बांधलेल्या असतात. ब्यूटी पार्लरमध्ये केस कुरळे करायला जे थायोग्लायकोलेट वापरतात, तेच आम्ही या जोड्या सोडवायला वापरतो. अशा केराटिनात त्या जोड्या पुन्हा जुळू शकतात, म्हणून त्याचा स्पंज जास्त दिवस टिकतो. पेरॅसिटिक आम्लानं काढलं तर जोड्या कायमच्या तुटतात आणि माल लवकर विरघळतो. दोन्हींना गिऱ्हाईक आहे. मग केराटिनचं द्रावण चाळणीसारख्या पडद्याच्या नळीत भरून दिवसेंदिवस पाणी बदलत राहायचं, रसायनाचा अंशही उरता कामा नये. आमच्या बोअरचं पाणी जड, त्यामुळं पहिल्या कर्जातला मोठा वाटा पाणी शुद्ध करण्याच्या यंत्रांतच गेला. बँकेतल्या साहेबांना लोकर धुवायला एवढं पाणी का लागतं हे पटवण्यात चार महिने गेले. मे महिन्यातल्या उन्हात वीज गेली की द्रावण नासतं. जनरेटर नव्हता त्या वर्षी दोन वेळा सगळं ओतून द्यावं लागलं.

खरा धडा तिसऱ्या वर्षी मिळाला. पुण्याला पाठवलेल्या मालावर पेशी चिकटल्याच नाहीत, दोन दिवसांत मेल्या. आमच्या सगळ्या चाचण्यांत तो माल पास झालेला. कारण शोधता शोधता मी पुन्हा वाड्यावर जाऊन बसलो. आप्पांनी सहज सांगितलं, गोचीड फार झाली म्हणून कातरणीच्या आधी मेंढ्यांना औषध मारलं होतं. ते औषध तेलात मुरणारं. लोकरीच्या मेणात ते बसून राहिलं आणि आमच्या सोडा-साबणाच्या धुण्यानं निघालं नाही. त्या दिवसापासून आमचा कारखाना अवधानच्या एमआयडीसीत सुरू होत नाही, वाड्यावर सुरू होतो असं मी मानतो. आता कातरणी आधी, औषध नंतर. प्रत्येक पोत्यावर कळपाची नि दिवसाची चिठ्ठी. काळ्या लोकरीचा रंग द्रावणात उतरतो, म्हणून पांढरी वेगळी काढायची. ते काम वाड्यावरच्या बाया करतात, त्याचे पैसे वेगळे आणि रोख. मेण काढण्यासाठी आम्ही धुण्याचा आणखी एक टप्पाही वाढवला.

नवापूरच्या कोंबड्यांची पिसं का घेत नाही, असं पुष्कळ जण विचारतात. पिसांतलं केराटिन निराळं, रेणू बरेच लहान. त्याचे उपयोग आहेत, पण आमचा हात लोकरीवर बसला आहे.

चोपड्याहून, शहाद्याहून फोन येतात, "वडिलांच्या गुडघ्यात भरायला द्या." मी स्पष्ट नाही म्हणतो. आमचा माल प्रयोगशाळेसाठी आहे, औषध नव्हे. आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या, २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनी रक्ताच्या आजारांसाठी होणारं रक्तजनक मूळपेशींचं प्रत्यारोपण सोडलं, तर बाकी सगळं संशोधनातच धरलं होतं. दुखणाऱ्या माणसाला नाही म्हणताना जीव तुटतो, पण खोटी आशा विकून मला धंदा करायचा नाही.

सध्या एकाच बाजूनं गोठवलेल्या स्पंजावर काम चालू आहे. बर्फाचे स्फटिक एका दिशेनं वाढतात आणि वाळवल्यावर त्यांच्या जागी नांगराच्या तासासारख्या सरळ वाटा उरतात. पेशी त्या वाटा धरून लांबत जातात. मागच्या महिन्यात त्याचा फोटो मोबाईलवर आप्पांना दाखवला. ते बराच वेळ बघत राहिले, मग विचारलं, ही लोकर कुठल्या कळपाची? चिठ्ठी पाहून सांगितलं. त्यांच्याच धाकट्या भावाची होती.