ऐकणारा चेहरा

पोर्ट्रेट शिकायला येणाऱ्यांना मी पहिल्याच दिवशी डोळ्यांबद्दल सांगते. फोकस जवळच्या डोळ्यावर हवा, बुबुळात उजेडाचा ठिपका हवा, आणि हसू खरं आहे की ओढूनताणून आणलेलं, हे डोळ्यांच्या कडांशी कळतं. त्या दिवशी यातलं काहीच हाताशी नव्हतं. ज्यांचा फोटो काढायचा होता ते काका जन्मापासून दृष्टिहीन. पियानो सुरात लावण्यात त्यांचं आयुष्य गेलेलं, आणि निवृत्तीनिमित्त एका अंकासाठी त्यांचा मोठा फोटो हवा होता.

खुर्चीत बसल्याबसल्या त्यांनी हनुवटी वर केली, ओठ घट्ट मिटले. तेवढं सगळेच करतात. पण मी बोलायला लागले की ते डावा कान माझ्याकडे वळवायचे आणि चेहरा खिडकीपासून दूर, अंधारात जायचा. "काका, जरा इकडे," म्हटलं की वळायचे. पुढचं वाक्य सुरू झालं की पुन्हा कान पुढे. लक्ष जिथे, तिथे कान. मग माणसाला कशाला सारखं वळवायचं? मी त्यांना पियानोसमोरच बसवलं आणि स्वतः त्यांच्या डाव्या हाताला गेले. तिथे खिडकी त्यांच्या उजवीकडे होती. "ऊन आता या गालावर आलं," ते म्हणाले. आता कान माझ्याकडे वळला की चेहरा आपोआप उजेडाकडे जात होता आणि माझ्या बाजूच्या गालावर हलकी सावली राहत होती.

दुसरा पेच शटरचा. प्रत्येक 'खट्'बरोबर चेहरा पुन्हा आवळला जायचा. आवाज बंद करायची सोय कॅमेऱ्यात होती, पण मी ती वापरली नाही. डोळस माणसाला कॅमेरा उचललेला दिसतो. त्यांच्यासाठी तो आवाज हीच एकमेव खूण होती. ती काढून घेणं म्हणजे चोरून फोटो काढणं. मी त्यांनाच विचारलं, काय करू या? ते म्हणाले, "मी एक सूर लावतो. ठोके संथ झाले की काढा."

कसले ठोके, तेही त्यांनीच ऐकवलं. पियानोच्या बहुतेक पट्ट्यांमागे एकाच सुराच्या तीन-तीन तारा असतात. बाकीच्या फेल्टने, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या तुकड्याने, दाबून ठेवायच्या आणि एकेक तार जुळवत जायची. एक तार सेकंदाला ४४० कंपनांवर आणि शेजारची ४४२ वर असेल, तर आवाज सेकंदाला दोनदा वरखाली होतो. तारा जवळ येतात तसे हे ठोके लांबत जातात आणि जुळल्या की नाहीसे होतात.

डोळा शोधणारा ऑटोफोकस मिटलेल्या पापण्यांवर चाचपडत होता. तो बंद करून मी एकच बिंदू डाव्या भुवईवर ठेवला. ८५ मिमीची लेन्स, एफ/४, शटर १/२५०. काकांनी चावी खुंटीवर बसवली, पट्टी दाबली. ठोके भराभर येत होते तेव्हा कपाळावर उभी आठी होती. मनगट केसभर फिरलं, ठोके लांबले. आठी तशीच राहिली, पण ओठ किंचित विलग झाले आणि श्वास थांबला. तिथे मी बटण दाबलं. चेहऱ्यावर काहीच बदललं नाही. शटर त्यांना ऐकू आलं होतं, पण त्यांना त्याच्याशी काही देणंघेणं नव्हतं.

छायाचित्रकार यूसुफ कार्श यांनी १९४१ साली कॅनडातल्या ओटावात ब्रिटनचे पंतप्रधान चर्चिल यांच्या तोंडातली सिगार काढून घेतली आणि तो प्रसिद्ध करारी चेहरा टिपला, ही गोष्ट पोर्ट्रेट शिकवणारे आवर्जून सांगतात. मीही सांगते. पण ती ऐकून मुलं समोरच्याला डिवचायला शिकतात, हे मला मुळीच आवडत नाही. माणसाला त्याच्या चेहऱ्याचा विसर पडायला हवा, एवढंच. त्यासाठी त्याच्या आवडीचं अवघड काम त्याच्या हातात देणं कितीतरी बरं, आणि त्या कामाची लय आपल्याला थोडी तरी कळायला हवी. ठोके ऐकू आले नसते तर बटण कधी दाबायचं हे मला कळलंच नसतं.

अंकवाल्यांनी आधी फोटो परत पाठवला: डोळे मिटलेले दिसतात, हसरा द्या. मी काकांना फोन करून हा आणि त्यांचा एक हसरा, अशा दोन्ही फोटोंचं वर्णन केलं, अगदी आठीपासून. "ठोके किती उरले होते?" त्यांनी विचारलं. जवळजवळ संपले होते, मी म्हणाले. त्यांनी तोच निवडला आणि अंकवाल्यांना स्वतः कळवलं. छापलाही तोच.