टोळ, पोळी आणि दोन अक्षरं

आरंभीच्या ख्रिस्ती मंडळींत मांस वर्ज्य करणारे होते आणि शास्त्रातून गूढार्थ काढणारेही होते. हे दोघे एकाच गोटातले, असं अनेकदा धरून चालतात. मूळ मजकूर उघडला की चित्र बरंचसं उलटं दिसतं.

बर्णबा या प्रेषिताच्या नावावरचं एक आरंभीचं ख्रिस्ती पत्र घ्या. त्याचा दहावा अध्याय मोशेच्या, म्हणजे जुन्या करारात ज्यूंना नियमशास्त्र देणाऱ्याच्या, खाण्याच्या नियमांवर आहे. डुक्कर खाऊ नका, म्हणजे पोट भरलं की धन्याला विसरणाऱ्या आणि भूक लागली की ओरडणाऱ्या माणसांच्या नादी लागू नका. घार-कावळा म्हणजे दुसऱ्याचं लुबाडून जगणारे. रवंथ म्हणजे वचन मनात घोळवणं. दुभंगलेला खूर म्हणजे या जगात चालता चालता पुढच्या पवित्र युगाची वाट पाहणं. मोशे हे सगळं आत्म्याच्या अर्थाने बोलला, ताटातल्या पदार्थांबद्दल नव्हे, असं पत्राचा लेखक ठासून सांगतो. म्हणजे रूपकामुळे पथ्य सुटलं, लागलं नाही.

मांस टाळणाऱ्या एबियोनी या ज्यू-ख्रिस्ती पंथाने मात्र अक्षरालाच हात घातला. बायबलातल्या मत्तय 3:4 मध्ये बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचं अन्न टोळ आणि रानमध. ग्रीकमध्ये टोळ म्हणजे 'अक्रिस'. एबियोनींच्या स्वतःच्या शुभवर्तमानात (येशूच्या चरित्रग्रंथात) टोळ गायब, आणि मधाची चव मान्न्यासारखी (रानात देवाने दिलेल्या अन्नासारखी), तेलातल्या पोळीसारखी. ही पोळी म्हणजे 'एंक्रिस'. अल्फाच्या जागी एप्सिलॉन आणि गॅमा, एवढाच खेळ! शब्दही हवेतून आलेला नाही. ग्रीक जुन्या करारात गणना 11:8 इथे मान्न्याच्या चवीसाठी हाच आहे.

लूक 22:15 मध्ये येशू म्हणतो, हे वल्हांडणाचं (ज्यूंच्या सणाचं, कोकराच्या मांसाचं) भोजन तुमच्याबरोबर करावं अशी माझी फार इच्छा होती. एबियोनींनी त्यात 'मांस' हा शब्द घुसवला आणि आरंभी 'मे' जोडला. 'मे'ने सुरू झालेल्या ग्रीक प्रश्नाला 'नाही' हेच उत्तर अपेक्षित असतं, म्हणजे येशूच मांस नाकारतो. म्यू आणि ईटा, ही दोन अक्षरं मागाहून घातलीत, हे सायप्रसचा बिशप एपिफानियस याने 370 च्या दशकात 'पॅनारियन' या पाखंडी मतांविरुद्धच्या ग्रंथात दाखवून दिलं. मात्र हे शुभवर्तमान आपल्यापर्यंत पोचलं ते त्याच्याच अवतरणांतून, आणि तो त्यांचा कट्टर विरोधक. तेव्हा अवतरण वेगळं आणि त्यावरची त्याची टीका वेगळी वाचावी.

चर्चमध्ये मांस सोडण्याला बंदी नव्हती. संशय होता तो किळस येण्यावर. 314 सालच्या अंकारा इथल्या चर्च-परिषदेचा 14 वा नियम सांगतो: मांस वर्ज्य करणाऱ्या पाळकाने आधी चव घ्यावी, मग हवं तर सोडावं. मांसासोबत शिजलेली भाजीही नाकारली, तर पद गेलं.