गणिताची वही

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी काहीतरी लिही, असा निरोप आला आणि मला चौथीतली गणिताची वही आठवली. गृहपाठ पूर्ण केलेला, पण वही घरी टेबलावर राहिलेली. बाईंच्या परवानगीनं कार्यालयातून आईला फोन केला. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "वही इथेच आहे, पण मी आणून देणार नाही. काय झालं ते बाईंना तूच सांग."

मी रडतच वर्गात आले. बाईंनीही घरी चिठ्ठी पाठवली नाही, मलाच विचारलं. मधल्या सुट्टीत सगळी गणितं पुन्हा सोडवून दाखवली. त्या दिवशी आईचा फार राग आला होता. संध्याकाळी तिनं एवढंच विचारलं, "बाईंना काय सांगितलंस?" मी सांगितलं, तिनं मान डोलावली. रात्री दप्तर मी भरलं, आणि पुढेही मीच भरत राहिले.

सातवीत सायकल मिळाली आणि महिन्याभरात पंक्चर झाली. बाबांनी एकदा सगळं करून दाखवलं: ट्यूब बादलीतल्या पाण्यात बुडवून बुडबुडे कुठून येतात ते बघायचं, ती जागा कोरडी करून पॉलिश पेपरनं घासायची, सोल्यूशन लावायचं, ते सुकू द्यायचं आणि मगच पॅच दाबून बसवायचा. पुढच्या वेळी काम माझ्याकडे आलं. सोल्यूशन सुकायच्या आतच मी पॅच लावायचे आणि हवा भरली की तो सुटायचा. बाबा शेजारी उभे, दोन्ही हात पाठीमागे बांधून. त्यांनी ते पाच मिनिटांत उरकलं असतं. मला तासभर लागला, तिसऱ्यांदा पॅच टिकला. त्या तासाभरात त्यांनी हात सोडले नाहीत आणि ते तिथून हललेही नाहीत.

पण मला सर्वांत जास्त ऋण वाटतं ते दहावीनंतरच्या वर्षाचं. मैत्रिणी विज्ञानाला निघाल्या म्हणून मीही निघाले. "तुझा जीव भाषांमध्ये रमतो, नीट विचार केलायस ना?" असं दोघांनी दोनदा विचारलं. मी हो म्हटलं, त्यांनी अर्जावर सही केली. वर्ष सरता सरता कळून चुकलं की हे माझं नव्हे. ते घरी सांगायला मला दोन आठवडे लागले. बाबा थोडा वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, "बरं. आता काय ठरवलंयस?" 'आम्ही तेव्हाच सांगत होतो' हे वाक्य मी आमच्या घरात कधीच ऐकलं नाही. मूल चुकल्यावर त्याला हे ऐकवलं, की पुढचा निर्णय ते घाबरत घेतं किंवा घेतच नाही, असं माझं ठाम मत आहे. माझं एक वर्ष गेलं. कला शाखेचा अर्ज मी स्वतः भरला.

आज मी लहान मुलांना शिकवते. इटालियन शिक्षणतज्ज्ञ मारिया माँटेसरी यांनी ६ जानेवारी १९०७ रोजी रोममध्ये पहिलं 'बालगृह', म्हणजे लहान मुलांची शाळा, उघडलं. त्यांच्या पद्धतीत गुंड्या लावायला आणि नाड्या बांधायला शिकण्यासाठी लाकडी चौकटी असतात. मूल त्यावर खटपट करत असताना मोठ्यांनी बघायचं आणि थांबायचं. प्रशिक्षणात हे शिकताना मला पाठीमागे बांधलेले बाबांचे हात दिसत होते. थांबणं किती अवघड असतं, ते वर्गात रोज कळतं. एखादं मूल दहा मिनिटं एकाच गुंडीशी झगडत असलं की हात आपोआप पुढे जातो. मुलांचा गृहपाठ काय, हे रात्री पालकच व्हॉट्सॲपवर एकमेकांना विचारतात तेव्हा मला वाईट वाटतं. त्यामागची काळजी खरीच असते, पण विचारायचं काम मुलाचं असतं.

हे लिहिण्याआधी आईला वहीबद्दल विचारलं. ती विसरली असेल असं वाटलं होतं. तिला सगळं लख्ख आठवत होतं, अगदी वहीच्या निळ्या कव्हरासकट. म्हणाली, "फोन ठेवला आणि वही पिशवीत टाकून दारापर्यंत आले होते. मग परत फिरले. तू घरी येईपर्यंत मला काही सुचलं नाही."

आई, त्या दुपारबद्दल मी तुला कधी काही बोललेच नव्हते. दारातून परत फिरलीस, त्याबद्दल मी तुझी मनापासून ऋणी आहे.