ग्रीस फियोर्डची खिडकी

कॅनडाच्या एल्समिअर बेटावरचं ग्रीस फियोर्ड गाव म्हणजे 2021 च्या जनगणनेनुसार 144 माणसं. मागे डोंगर, पुढे वर्षातले बरेच महिने गोठलेला समुद्र, आणि मधल्या चिंचोळ्या पट्ट्यात जेमतेम अर्धा किलोमीटर लांबीची खडीची धावपट्टी. आपला तालुक्याचा यष्टी स्टँड यापुढे प्रशस्त वाटावा. 1953 साली क्वेबेकमधल्या आणि पाँड इनलेट गावातल्या इनुइट (उत्तरेकडच्या मूळ रहिवाशांच्या) कुटुंबांना सरकारनेच इतक्या उत्तरेला आणून सोडलं. माफी मागितली 2010 साली. बाहेरून येणारा रस्ता नाही, मालाचं जहाज उन्हाळ्याच्या शेवटी. एरवी टपाल, ताजी भाजी, आजारी माणूस, सगळं ट्विन ऑटर नावाच्या छोट्या विमानाने.

डांबर का नाही? खाली जमीन कायम गोठलेली असते. काळं डांबर ऊन पितं, खालचा बर्फ सुटतो आणि पट्टी लाटांसारखी वरखाली होते. खडी खचली तर ग्रेडर, म्हणजे जमीन सपाट करणारं यंत्र, फिरवून सारखी करता येते. पण तिचीही नाटकं आहेत. खडीला धरून ठेवते ती बारीक माती. पंख्यांच्या वाऱ्याने ती उडाली की मोकळे दगड उरतात आणि ते पंख्याच्या पात्यांना टवके पाडतात. म्हणून वैमानिक जागेवर उभं राहून इंजिनाचा पूर्ण जोर लावत नाही. आधी चाकं फिरू देतो, मग जोर. हिवाळ्यात बर्फ काढतानाही यंत्राचं पातं अगदी जमिनीला टेकवत नाहीत, नाहीतर बर्फाबरोबर पट्टीही खरवडून निघते. वर दाबलेल्या बर्फाचा पातळ थर ठेवायचा. पंचाईत उन्हाळ्याच्या तोंडाशी, वरचा थर विरघळून चिखल होतो तेव्हा. गावाच्या इनुइट नावाचा अर्थ ‘कधी न वितळणारी जागा’, हे ग्रेडरवाल्याला सांगून पाहावं!

इथे साधनंही बेभरवशाची. चुंबकीय ध्रुव फार लांब नाही, म्हणून होकायंत्राची सुई सैरभैर फिरते. त्यामुळे कॅनडाच्या या भागात धावपट्ट्यांचे दिशा सांगणारे आकडे चुंबकीय नव्हे, खऱ्या उत्तरेवरून देतात. उंचीमापकाचं दुखणं वेगळं. तो हवेच्या दाबावरून उंची काढतो, आणि समुद्रसपाटीला 15 अंश तापमान धरून आखलेला. थंड हवा आकसते, आणि काटा असतो त्यापेक्षा जास्त उंची दाखवतो. ढोबळ हिशेब असा, की दर 10 अंश कमी तापमानाला 4 टक्के चूक. बाहेर उणे 35 असेल तर फरक 50 अंशांचा, म्हणजे 20 टक्के. काटा पट्टीपासून हजार फूट वर म्हणतो, विमान असतं आठशेवर. आजूबाजूला डोंगर असताना हे दोनशे फूट थट्टेचे नाहीत. वैमानिक तक्त्यावरून ही भर आधीच घालून घेतो.

मग भरवसा कशावर? खिडकीपाशी बसलेल्या माणसावर. नुनावुतमधल्या, म्हणजे कॅनडाच्या या उत्तरेकडच्या प्रदेशातल्या, अशा विमानतळांवर रेडिओ केंद्र असतं आणि ते सहसा गावातलीच, त्यासाठी शिकवून तयार केलेली माणसं चालवतात. विमानाला उतरण्याची परवानगी देणं वगैरे त्यांचं काम नाही. वारा, ढग, दृश्यमानता आणि पट्टीची अवस्था सांगायची, बस. दृश्यमानता मोजायची जुनी रीत खुणांची आहे. अमका सुळका इतका लांब, तमकं टोक तितकं, हे आधी मोजलेलं असतं. सुळका दिसतो, टोक दिसत नाही, की आकडा तयार. पण ढगाळ दिवशी आभाळ आणि बर्फ एकच पांढरं होतं, सावलीच पडत नाही, तेव्हा समोरचा चढसुद्धा दिसेनासा होतो.

विमान जिथून येतं त्या रेझोल्यूट गावाहून ट्विन ऑटरला इथवर दीडएक तास लागतो. इथे उतरता आलं नाही तर तेवढंच परत जायचं, म्हणून परतीचं इंधन पोटात ठेवूनच निघावं लागतं. जितकं इंधन जास्त, तितकी भाजीची खोकी कमी. निघण्याआधी इंजिनं गारठू नयेत म्हणून त्यांवर रजया चढवून आणि गरम हवेचे पाइप लावून ठेवतात, तरी इथे पोचल्यावर वारा बदलला तर काय करणार? माल पुन्हा रेझोल्यूटच्या गोदामात.

नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंत सूर्य उगवतच नाही. उत्तरेकडच्या बऱ्याच धावपट्ट्यांवर दिवे वैमानिकच लावतो, तेही हवेतूनच: ठरलेल्या रेडिओ लहरीवर माइकचं बटण पाच सेकंदांत सात वेळा दाबायचं. खाली अंधारात दोन रांगा लख्ख उजळतात आणि पंधराएक मिनिटांनी आपोआप विझतात. उतरायला उशीर होत असेल तर पुन्हा सात वेळा.