तुम्ही विचारलंत म्हणून: घर का नाही पाडलं?

घरी कुणी पाहुणा आला की पाण्याचा पेला खाली ठेवायच्या आत प्रश्न येतोच. "जुन्या मातीच्या घरावर एवढी मेहनत केली, त्यापेक्षा पाडून सिमेंटचंच का नाही बांधलं वं? अन् करायचंच होतं तं चार वर्षं कायले लावले, एकदम का नाही केलं?" ओसरीवर बसून याचं उत्तर अर्धवटच राहतं. चहा येतो, गोष्ट कापसाच्या भावावर जाते. म्हणून आज नीट लिहिते.

आमचं घर वर्धा जिल्ह्यात, आर्वी तालुक्यातल्या एका लहान गावात आहे. ओसरी, माजघर, सैपाकघर आणि मागची खोली, जिथे पूर्वी ज्वारीची पोती राहायची. दीड फूट जाडीच्या मातीच्या भिंती, वर सागवानी फाटे आणि देशी कवेलू, म्हणजे कौलं. माझ्या आजेसासऱ्यांनी बांधलेलं.

घरकुलाच्या यादीत आमचं नाव नव्हतं. असतं तर 1 लाख 20 हजार रुपये मिळाले असते आणि कदाचित मीही पाडायला तयार झाले असते. ज्यांनी पाडलं त्यांना मी नावं ठेवत नाही. भर पावसात रात्री लेकराला छातीशी धरून, जिथे गळत नाही तो कोपरा शोधत बसलेल्या बाईला डोक्यावरच्या स्लॅबची किंमत कळते. मी तशा रात्री काढल्या आहेत.

पाडायचं नाही हे माझ्या मनानं घेतलं ते सेवाग्रामला. मे महिना होता, पारा 45 च्या आसपास. बापूकुटी गांधीजींच्या काळातली, मातीच्या भिंती आणि वर कवेलू. बाहेर पाय पोळत होते आणि आत शिरल्याबरोबर अंगावरचा ताप उतरला. मी तिथे उभी राहिले आणि मला आमचं माजघर आठवलं. तशीच भिंत, तसंच छप्पर. त्या कुटीची कुणीतरी निगा राखत होतं, आणि आम्ही वीस वर्षं आमच्या घराला हात लावला नव्हता, एवढाच फरक. ज्या भिंती आम्हाला उन्हाळाभर सावरत होत्या, त्यांनाच आम्ही पडकं म्हणत होतो.

सुरुवात सैपाकघरापासून केली, कारण तीच खोली जास्त खराब होती. पूर्वी केव्हातरी ओल येते म्हणून एका मिस्त्रीच्या सांगण्यावरून भिंतीला आतून-बाहेरून तीन फूट उंच सिमेंटचा गिलावा केला होता. मी बोटांनी ठोकून पाहिलं तर डबडब आवाज आला. छन्नी लावली, आणि हातभर लांबीचा तुकडा एकदम सुटून खाली पडला. एप्रिल महिना होता, अंगणातली जमीन भेगाळलेली होती, आणि त्या गिलाव्याच्या मागची माती ओली होती. मुठीत दाबली तर लाडू वळला जाईल इतकी ओली. त्या ओलीतून उधईच्या, म्हणजे वाळवीच्या, नळ्या वर चढत चौकटीपर्यंत गेल्या होत्या. चौकटीच्या बुडात बोट घातलं तर ते आत गेलं.

हे मला तेव्हा कळलं आणि तेच मी सगळ्यांना सांगते: मातीची भिंत जमिनीतून ओल ओढते आणि अंगावाटे वाऱ्यावर सोडून देते. तिच्यावर सिमेंट चढवलं की ओलीला बाहेर पडायला वाट राहत नाही. ती सिमेंटच्या मागून आणखी वर चढते. आमच्या भिंतीवर ओलीची रेघ गिलाव्याच्याही हातभर वर होती. ज्यानं भिंत वाचेल असं वाटलं, त्यानंच ती आतून कुजत होती.

सगळं सिमेंट काढलं आणि भिंत तशीच महिनाभर वाळू दिली. खालची कुजलेली माती काढताना एक पथ्य पाळलं: एका वेळी फक्त दोन हात लांबीचा भाग खोदायचा, तो दगड-मातीनं भरून पक्का होऊ द्यायचा, मग थोडं अंतर सोडून पुढचा. वरच्या मयालीला, म्हणजे मोठ्या आडव्या लाकडाला, आधी बल्ल्यांचा टेका. अख्खी भिंत खालून एकदम कोरली तर ती वर थांबत नाही. चौकट वाढईनं बदलली. विजेच्या कामालाही आम्ही हात लावला नाही. ज्यात जीव जाऊ शकतो ते काम शिकायला आपलं घर वापरू नये.

लिंपणाची माती मात्र माझ्या आत्यानं, म्हणजे सासूबाईंनी शिकवली. मी शेतातून काळी माती आणायला निघाले तर त्यांनी हात धरला. "काळी पिकाची. घराले पांढरी पाह्यजे." काळी माती भिजली की फुगते, वाळली की आकसते आणि तडकते. वावरातल्या भेगा आपण दर उन्हाळ्यात पाहतो, तेच भिंतीवर होणार. गावठाणाची पांढरी माती, त्यात चाळलेला मुरूम, गव्हाचं कुटार, म्हणजे भुसा, आणि शेण. आठ दिवस भिजत ठेवायचं, रोज पायानं तुडवायचं. कुटार कुजू लागलं की मातीला चिकटपणा येतो आणि एक आंबूस वास सुटतो. आत्या तो वास घेऊनच सांगायच्या, आज लावू की उद्या. मी त्यांच्या सांगण्याखातर वेगवेगळ्या मिश्रणांचे गोळे करून उन्हात वाळवले. एकाला तडे गेले, एक बोटांनी चुरला गेला, एक खाली टाकला तरी फुटला नाही. तो गोळा मी अजून फडताळात ठेवला आहे.

आता दुसरा प्रश्न, एकदम का नाही केलं. पैसा कापसाचे चुकारे आल्यावरच हातात येतो, हे तर आहेच. लिंपण वाळायला मार्च ते मे एवढेच महिने मिळतात आणि मृगाच्या आधी कवेलू फेरून व्हायला हवेत, हेही आहे. पण पैसा आणि माणसं दोन्ही असती तरी मी एकदम केलं नसतं. दोन खोल्यांच्या मध्ये एक पावसाळा जायला पाहिजे.

सैपाकघर झालं तेव्हा आम्हाला वाटलं, जमलं. जुलैत झड लागली आणि तिसऱ्या दिवशी भिंतीच्या बाहेरच्या बाजूला, जमिनीपासून वीतभर उंचीपर्यंत, लिंपण धुऊन गेलं. वरून गळत नव्हतं, खालून ओल नव्हती, मग हे कुठून? छत्री घेऊन मी तासभर तिथे उभी राहिले. वळचणीच्या पागोळ्या भिंतीच्या अगदी जवळ पडत होत्या आणि तिथून चिखल उसळून भिंतीवर आदळत होता. पुढच्या उन्हाळ्यात माजघराच्या वेळी आम्ही वळचण हातभर पुढे काढली, खाली चपटे दगड मांडले, जमिनीला बाहेरच्या बाजूला उतार दिला. सैपाकघराचंही तसंच करून घेतलं. चारही खोल्या एका उन्हाळ्यात केल्या असत्या तर तीच चूक चारही भिंतींवर झाली असती आणि दुरुस्तीला दमडी उरली नसती.

दुसऱ्या पावसाळ्यानं माकडांचं शिकवलं. आमच्याकडे अर्ध्या गावानं कवेलू काढून टिना टाकल्या त्या वानेरांपायीच. एक टोळी उड्या मारत गेली की पंचवीस-तीस कवेलूंचा चुरा. आम्ही आढ्यावर बोरीच्या काट्या बांधतो आणि जुन्या कवेलूंची एक चळत न्हाणीमागे रचून ठेवतो. गावात घर पाडलं जातं तेव्हा ते कवेलू, फाटे सगळे मातीमोल भावात निघतात. आमचे निम्मे कवेलू तसेच आले आहेत. हा त्रास कायमचा गेलेला नाही आणि जाणारही नाही. ज्याला वर्षातून एकदा छपरावर चढायचं नाही त्यानं कवेलूंच्या नादी लागू नये, हे मी स्पष्ट सांगते.

मागची खोली तिसऱ्या वर्षी सुखानं झाली. तिच्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही, आणि हीच मला त्या खोलीची मोठी गोष्ट वाटते. चौथ्या वर्षी आतून चुना दिला. कळीचा चुना महिनाभर आधी भिजवून ठेवला, डोळे सांभाळून लावला. माजघरात आता दिवसा दिवा लागत नाही.

ओसरी राहिली आहे, जिथे बसून तुम्ही हा प्रश्न विचारता तीच. तिचं सिमेंट मागच्या महिन्यात काढलं. आत्यांना आता माती तुडवणं होत नाही, त्या खाटेवर बसून वास घेतात. काल म्हणाल्या, "अजून दोन रोज."