यूपीएसच्या खोक्यावरचा ६०० चा आकडा

एकदा लाईट गेली आणि तीन तासांचं एडिटिंग सेव्ह न करता उडालं, त्यानंतर यूपीएस, म्हणजे लाईट गेल्यावर कॉम्प्युटर थोडा वेळ बॅटरीवर चालवणारा डबा, घ्यायचाच असं ठरलं. ६०० व्हीएचा (व्होल्ट-अँपिअर, यूपीएसच्या क्षमतेचा आकडा) घेतला, रात्रभर चार्ज केला, जोडला, झालं.

खरा ताप नंतर सुरू झाला. कधी लाईट गेली की कॉम्प्युटर मस्त चालू राहायचा, आणि कधी यूपीएस एक लांब बीप देऊन दुसऱ्या क्षणाला बंद, सगळंच काळं. कस्टमर केअरला फोन केला तर म्हणाले, आठ तास चार्ज करा. केला. परत तेच. दुसऱ्यांदा फोन केला तर परत आठ तास चार्ज करा, तिसऱ्यांदा म्हणाले तुमच्या कॉम्प्युटरमध्येच फॉल्ट असेल. अहो पण कॉम्प्युटरवर नेमकं काय काय जोडलंय, किती वॅट खातोय, हे एकानेही विचारलं नाही, आणि त्याचाच मला अजून राग आहे, कारण उत्तर यूपीएसच्या मागच्या स्टिकरवर बारीक अक्षरात होतं: ६०० व्हीए / ३६० वॅट.

म्हणजे मी ६०० समजत होते ते ६०० वॅट नव्हतेच. घरगुती यूपीएसमध्ये वॅटचा आकडा बऱ्याचदा व्हीएच्या साठ टक्क्यांच्या आसपास असतो आणि लोड बघायचा तो वॅटमध्ये. मग प्लगमध्ये लावायचा वॅटमीटर आणला. साधं काम करताना मॉनिटर धरून १४० वॅट, आणि व्हिडिओ एक्सपोर्ट करताना ग्राफिक्स कार्ड जोरात आलं की ३९०! म्हणून एक्सपोर्ट चालू असताना लाईट गेली की ओव्हरलोड, एरवी काही नाही. हे कळलं तेव्हा इतकं हायसं वाटलं, कॉम्प्युटर ठणठणीत होता.

मग १००० व्हीए, ६०० वॅटचा घेतला. आणि हो, एसएमपीएसवर, म्हणजे कॉम्प्युटरच्या आतल्या पॉवर सप्लायवर, ६५० वॅट लिहिलंय म्हणून तेवढा मोठा यूपीएस लागतो असं नाही, ती त्याची कमाल क्षमता असते, तुमचा खरा लोड मोजा आणि वर थोडी जागा ठेवा. एसएमपीएस अ‍ॅक्टिव्ह पीएफसीवाला (पॉवर फॅक्टर सुधारणारं सर्किट असलेला) असेल तर प्युअर साइन वेव्हचा, म्हणजे घरच्या विजेसारखी गुळगुळीत लहर देणारा यूपीएस घेतलेला बरा, काही एसएमपीएस साध्या यूपीएसच्या चौकोनी वेव्हवर दगा देतात. लेझर प्रिंटर बॅटरीच्या सॉकेटला अजिबात लावू नका, गरम होताना एकदम करंट ओढतो. काही मॉडेलना एकदोन सॉकेट फक्त सर्जपुरते, म्हणजे व्होल्टेजच्या अचानक उसळीपासून वाचवण्यापुरते असतात, त्यांना बॅकअप नसतो, तेही बघून घ्या. राउटर मात्र बॅकअपवर लावा, फार कमी खातो.

यूएसबी केबल खोक्यातच पडून राहते बघा, ती जोडून शटडाउनचं सेटिंग केलं की बॅटरी संपत आली की कॉम्प्युटर आपोआप नीट बंद होतो, आणि आता मी एक्सपोर्ट लावून बिनधास्त जेवायला उठते.