प्रोसेसर घेऊ की थांबू? माझं तीन वर्षांचं गुऱ्हाळ

भाचा माझ्या खुर्चीमागे उभा होता. मी बाल्डर्स गेट ३ या गेमच्या तिसऱ्या अंकात, शहराच्या गजबजलेल्या भागातून चाललो होतो आणि पडदा दर चार पावलांनी अडखळत होता. "मामा, तुझं ग्राफिक्स कार्ड म्हातारं झालंय. ते बदल आधी," तो म्हणाला. मी नुसतं हं केलं. माझा संशय प्रोसेसरवर होता, आणि तो संशय काही त्या दिवशीचा नव्हता.

माझं मशीन सांगतो. रायझन ५ ३६००, म्हणजे एएमडीचा २०१९ चा सहा कोअरवाला प्रोसेसर. बी४५० चिपसेटचा मदरबोर्ड, १६ जीबी डीडीआर४ रॅम, नंतर घेतलेलं आरएक्स ६७०० एक्सटी कार्ड, आणि १४४० पी, १४४ हर्ट्झचा मॉनिटर. वाईट काहीच नाही. पण प्रोसेसर बदलायचा विचार डोक्यात आला २०२२ मध्ये, आणि बदलला २०२५ च्या सुरुवातीला. मधल्या काळात मी काय केलं, तर वाट पाहिली.

एप्रिल २०२२ मध्ये ५८००एक्स३डी आला. माझ्याच एएम४ सॉकेटवर, म्हणजे बोर्डावरच्या प्रोसेसरच्या खाचेत, बसणारा, गेमिंगसाठीच बनवलेल्या एक्स३डी जातीचा. मी म्हटलं, सप्टेंबरात नवा सॉकेट येतोय, आता जुन्यावर कशाला खर्च करा. सप्टेंबरात एएम५ आला. त्याला डीडीआर५ च लागते आणि मदरबोर्डही नवा, त्यामुळे म्हटलं, पहिल्या खेपेला हात लावू नये, किमती उतरू देत. एप्रिल २०२३ मध्ये ७८००एक्स३डी आला, सगळीकडे वाहवा झाली. तोवर पुढच्या पिढीची चर्चा कानावर यायला लागली होती. ऑगस्ट २०२४ मध्ये रायझन ९००० मालिका आली आणि गेममध्ये आधीच्या पिढीपेक्षा फार पुढे गेलेली दिसली नाही. मग तिचा एक्स३डी येऊ दे म्हणून थांबलो. तो नोव्हेंबरात आलाही. यातलं प्रत्येक थांबणं सुटं घेतलं तर शहाणपणाचंच वाटतं. बेरीज केली तेव्हा कळलं, की अडखळणाऱ्या पडद्यासमोर मी जवळजवळ तीन वर्षं काढली होती आणि एकदाही, एकदाही, नेमकं काय अडखळतंय हे मोजलं नव्हतं.

भाच्याच्या त्या शेऱ्यानंतर मात्र एका रविवारी मोजायला बसलो. त्याला खोटं पाडायचं होतं, हा हेतू लपवत नाही.

विंडोजच्या टास्क मॅनेजरने सुरुवातीलाच दिशाभूल केली. सीपीयूचा वापर दाखवत होता ४५ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे अर्ध्याहून जास्त प्रोसेसर रिकामा, मग भाच्याचंच खरं की काय? पण हा आकडा सगळ्या थ्रेडची, म्हणजे कामाच्या खिडक्यांची, सरासरी असतो. ३६०० मध्ये बारा थ्रेड आहेत. त्यातला एक पूर्ण भरला तरी एकूण आकड्यात तो जेमतेम ८ टक्के दिसतो. आणि गेमचं मुख्य काम बहुतेक वेळा एका-दोन थ्रेडवरच तुंबलेलं असतं. बाकीचे कोअर मोकळे असले तरी त्यांच्याकडे ते काम सोपवता येत नाही. एका खिडकीपुढे रांग लागली आहे आणि बाकी अकरा खिडक्यांवरचे लोक गप्पा मारताहेत, तसला प्रकार.

म्हणून पाहायचा आकडा वेगळा: ग्राफिक्स कार्डाचा वापर. आफ्टरबर्नर हे मोजमापाचं सॉफ्टवेअर लावून तो पडद्याच्या कोपऱ्यात आणला. कार्ड सतत ९५ ते ९९ टक्क्यांवर असेल तर अडवतंय ते कार्डच. त्याच्या बरंच खाली राहिलं, आणि फ्रेमवर, म्हणजे सेकंदाला उमटणाऱ्या चित्रांवर, कुठली मर्यादा तुम्ही स्वतः लावलेली नसेल, तर कार्ड कामाची वाट पाहत बसलंय. शहराच्या त्या भागात माझं कार्ड साठ टक्क्यांच्या आसपास होतं आणि फ्रेम सेकंदाला ४० च्या घरात.

खात्री करायला दुसरी चाचणी केली. रिझोल्यूशन १४४० पी वरून थेट ७२० पी. पिक्सेल चौथाई झाले, कार्डाचं ओझं उतरलं. फ्रेम तेवढ्याच. एकही वाढली नाही म्हटलं तरी चालेल. प्रोसेसर दोषी. हीच चाचणी सायबरपंक २०७७ मध्ये केली तेव्हा मात्र रिझोल्यूशन उतरवताच फ्रेम भराभर चढल्या, म्हणजे तिथे भाचा बरोबर होता. एकाच मशीनमध्ये एका गेमला प्रोसेसर कमी पडतो, दुसऱ्याला कार्ड. "माझ्या मशीनचा बॉटलनेक कुठला" हा प्रश्नच गेमचं नाव घेतल्याशिवाय अर्धवट आहे. कोणता प्रोसेसर कोणत्या कार्डाला किती टक्के अडवतो असे आकडे छापणारे कॅल्क्युलेटर मी त्या दिवसापासून बघणं सोडलं.

आता कबुली. मोजताना रॅमचा वेग सहज पाहिला, तर २१३३. मी घेतलेली रॅम ३२०० ची! कधीतरी बायोस, म्हणजे मदरबोर्डवरचं मूळ सॉफ्टवेअर, अपडेट केला होता, त्यात सगळी सेटिंग मूळपदावर गेली आणि एक्सएमपी, म्हणजे रॅम तिच्या छापील वेगाने चालवणारं सेटिंग, बंद पडलं. ते परत चालू करायचं मला सुचलंच नाही. किती महिने असा चाललो होतो देव जाणे. एएम४ च्या रायझनमध्ये आतले भाग ज्या दुव्याने जोडलेले असतात त्याचा वेगही रॅमच्या वेगाशी बांधलेला असतो, त्यामुळे मंद रॅमचा फटका दुहेरी बसतो. बायोसमध्ये जाऊन एक पर्याय बदलला, आणि त्याच जागी ४० च्या ४५-४६ फ्रेम झाल्या. एक पैसा न खर्च करता. आनंद व्हायला हवा होता, झाली ती शरम.

पण ४६ म्हणजे समाधान नव्हे. शिवाय सरासरीपेक्षा मला छळत होते ते झटके. ६० फ्रेमला प्रत्येक फ्रेमला १६.७ मिलिसेकंद मिळतात. सरासरी ठीक असली, तरी मध्येच एखादी फ्रेम ५०-६० मिलिसेकंद घेऊन आली की डोळ्याला तीच टोचते. हे सरासरीत दिसत नाही. सर्वांत मंद एक टक्का फ्रेमचा आकडा पाहावा लागतो, आणि माझा तो तिशीच्या खाली होता.

मग पर्याय मांडले. एक, एएम५ वर जाणं: प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, तिन्ही नवं. दोन, आहे त्याच बोर्डावर एक्स३डी बसवणं. तोवर ५८००एक्स३डी चा धाकटा भाऊ, जानेवारी २०२४ मध्ये आलेला ५७००एक्स३डी, मिळत होता. इंटेलचा विचार केला नाही असं नाही. पण त्यांच्या तेराव्या-चौदाव्या पिढीतल्या वरच्या प्रोसेसरांमध्ये जादा व्होल्टेजमुळे अस्थिरता आल्याचं प्रकरण गाजलं होतं. ऑगस्ट २०२४ मध्ये त्यावर मायक्रोकोडची, म्हणजे प्रोसेसरमधल्या आज्ञावलीची, दुरुस्ती आली आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली गेली. ऑक्टोबरात आलेली कोअर अल्ट्रा २०० मालिका पुन्हा नव्या सॉकेटची. तिथेही बोर्ड बदलणं आलंच.

५७००एक्स३डी चा तक्ता पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी हसलो होतो. कमाल वेग ४.१ गिगाहर्ट्झ. माझा पाच वर्षं जुना ३६०० तर ४.२ पर्यंत जातो! पण गेमचं दुखणं गिगाहर्ट्झचं नसतं. शहरातली शंभर पात्रं काय करताहेत हे ठरवताना प्रोसेसर मेमरीत इकडून तिकडे उड्या मारत असतो. हवी ती माहिती जवळच्या कॅशेमध्ये, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्याच छोट्या मेमरीत, सापडली तर काम चटकन होतं, रॅमपर्यंत जावं लागलं तर तो कित्येक पट वेळ नुसता ताटकळतो. ३६०० मध्ये ३२ एमबी कॅशे आहे खरी, पण ती १६-१६ च्या दोन वाट्यांत विभागलेली. ५७००एक्स३डी मध्ये आठही कोअरना मिळून सलग ९६ एमबी. ३२ मूळची, आणि ६४ एमबीचा थर तिच्या डोक्यावर चढवलेला.

एएम५ ची जमेची बाजू अशी, की एएमडीने हा सॉकेट २०२७ पर्यंत आणि त्यापुढेही चालवायचं जाहीर केलं आहे. आज साधा प्रोसेसर, पुढे त्याच बोर्डावर तगडा. एएम४ माझ्यासाठी शेवटचा थांबा होता, पुढे गाडी नाही. पण हिशेब केला तेव्हा एएम५ चा खर्च दुसऱ्या पर्यायाच्या जवळपास तिप्पट येत होता, आणि माझ्या कार्डासोबत १४४० पी वर त्या तिपटीतलं बरंचसं मला दिसलंही नसतं. प्रोसेसर सुटला की कार्ड अडवणार, हे सायबरपंकमधल्या त्या ७२० पी च्या चाचणीने सांगितलंच होतं.

राहिला प्रश्न थांबण्याचा. या वेळी स्वतःला विचारलं, "मी नेमकं कशासाठी थांबतोय?" उत्तरात नाव आणि तारीख येईना. पुढची पिढी कधीतरी येणारच, ती नेहमीच येते. उलट जुन्या सॉकेटचे एक्स३डी मात्र कायम बनत राहणार नव्हते. ५८००एक्स३डी तोवर नवा मिळणं अवघडच झालं होतं. म्हणजे माझ्या बाबतीत थांबण्यानेच पर्याय कमी होत होते. मी ५७००एक्स३डी मागवला.

गंमत अशी, की हा बोर्ड या पिढीचा प्रोसेसर घेणारच नव्हता. मे २०२० मध्ये एएमडीने सांगितलं होतं की ४०० मालिकेच्या चिपसेटवर (माझा बी४५० त्यातलाच) झेन ३, म्हणजे हीच पिढी, चालणार नाही, कारण बऱ्याच बोर्डांवरची बायोसची चिप लहान आहे. वापरकर्त्यांनी एवढा आरडाओरडा केला की दोन आठवड्यांच्या आतच निर्णय फिरवावा लागला. त्या आरडाओरड्याचं फळ मी पाच वर्षांनी खाल्लं.

बायोस आधी अपडेट करायचा, जुना प्रोसेसर बसलेला असतानाच. हा क्रम चुकला तर नवा प्रोसेसर लावून काळ्या पडद्याकडे बघत बसायचं. तेवढं मी नीट केलं. आणि या वेळी एक्सएमपी लगेच चालू केलं.

नीट केलं नाही ते पुढचं. एएम४ मध्ये पिना प्रोसेसरला असतात, सॉकेटला नाही. प्रोसेसर आणि कूलर यांच्यामधली थर्मल पेस्ट थंड असताना कूलर सरळ वर ओढला, तर कुलूप लागलेल्या सॉकेटमधून प्रोसेसर कूलरला चिकटून उपटून येऊ शकतो. वाचलं होतं सगळं. आधी दहा-पंधरा मिनिटं गेम चालवून पेस्ट गरम करायची, मग मशीन बंद करून कूलर डावी-उजवीकडे हलकेच पिळायचा. मी रात्रभर बंद असलेलं मशीन सकाळी उघडलं आणि ओढलं. बारीक "टक्" झालं. हातात कूलर, कूलरला प्रोसेसर, आणि कोपऱ्यातल्या दोन पिना वाकड्या. सॉकेट शाबूत होता म्हणून निभावलं. जुन्या प्रोसेसरच्या त्या पिना मी नंतर शिसं काढलेल्या मेकॅनिकल पेन्सिलीच्या पोकळ टोकाने एकेक करून सरळ केल्या. दीड तास. श्वास रोखून.

नव्यासोबत कूलर येत नाही आणि ३६०० बरोबर आलेला पिटुकला कूलर याला पुरणारा नव्हता. कॅशेच्या थरामुळे हे प्रोसेसर लवकर तापतात, आणि तापमानाची मर्यादाही ९० अंश ठेवलेली आहे. म्हणून टॉवर कूलर आधीच घेऊन ठेवला होता.

मशीन सुरू केलं तर पडद्यावर मजकूर: नवा प्रोसेसर आढळला, एफटीपीएम रीसेट करायचं का, वाय की एन? पोटात गोळा. एफटीपीएम म्हणजे प्रोसेसरमधली गुप्त किल्ल्यांची तिजोरी. डिस्क एन्क्रिप्ट केलेली असेल आणि रिकव्हरी की हाताशी नसेल, तर इथे वाय दाबणं महागात पडतं. मी बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्क एन्क्रिप्शन, आदल्या रात्रीच थांबवून ठेवलं होतं आणि की कागदावर उतरवून घेतली होती. वाय दाबलं. विंडोज निमूट सुरू झालं.

सायबरपंकमध्ये १४४० पी वर फरक जवळजवळ शून्य. तो होणारच नव्हता, हे माहीत असूनही क्षणभर मन खट्टू झालंच. झटके मात्र कमी झाले. मोठं शहर उभारलं की स्ट्रॅटेजी गेममध्ये शेवटी-शेवटी जो कंटाळवाणा संथपणा येतो, तो बराच सैलावला.

२०२५ च्या शेवटी रॅमच्या किमती भडकल्या. एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरीचं उत्पादन ओढून घेतलं आणि डिसेंबरात मायक्रॉनने क्रुशल हा ग्राहकांसाठीचा ब्रँड बंद करायचं जाहीर केलं. दोन-तीन मित्र म्हणाले, "काय दूरदृष्टी रे तुझी, डीडीआर४ वरच राहिलास!" दूरदृष्टी कसली, मला याचा वाससुद्धा आला नव्हता. एएम५ घ्यायचं ठरवून अजून जरा थांबलो असतो, तर मीच हातावर हात धरून बसलो असतो.

जुना ३६०० भाच्याकडे गेला. त्याच्या दुसऱ्या मशीनमध्ये बिनतक्रार चालतोय, सरळ केलेल्या पिनांसकट. द्यायला गेलो तेव्हा त्याने विचारलं, "मग मामा, अडखळणं गेलं का त्या शहरातलं?"

गेलं होतं. बसवल्या संध्याकाळीच तोच सेव्ह उघडला होता, तीच बाजारपेठ, तोच रस्ता. ४६ च्या जागी सत्तरीत फ्रेम, झटके नाहीत. कोपऱ्यातला दुसरा आकडाही तेव्हाच पाहिला होता: ग्राफिक्स कार्ड, ९८ टक्के. तो आकडा मी भाच्याला अजून सांगितलेला नाही.